स्टेपनीचं भाडं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त झालं एका पंक्चरचं.

परवा मामाला घेऊन साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीचा घाट चढताना गाडी डावीकडे ओढायला लागली. मामाने एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढलीत. मला काही कळायच्या आत तो शांतपणे म्हणाला, "पुढचं डावं बसलं. घे बाजूला." घेतली बाजूला. डिकीतलं सामान रस्त्याकडेला काढलं, स्टेपनी बाहेर घेतली, जॅक लावला, चाक बदललं आणि मोठ्या रुबाबात जॅक खाली घेतला. तसं ते नवं चाकही हळूहळू खाली बसलं! गाडी घेतल्याला चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांत त्या स्टेपनीत हवा आहे की नाही हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

मामा म्हणाला, "आहे, पण हवा नाही. म्हणजे नाहीच की."

एका टेम्पोवाल्या भल्या माणसाने ते चाक पंक्चरवाल्यापर्यंत नेऊन परत पाठवायचं कबूल केलं. आम्ही दोघं कठड्यावर बसून राहिलो. तास-दीड तास. गप्पांचे विषय संपल्यावर मामाने तो प्रश्न विचारला, जो आमच्या घरात मला दर दिवाळीला कोणी ना कोणी विचारतंच: "तू नक्की करतोस काय रे कंपनीत?" मी नेहमीसारखं "डेटाबेस सांभाळतो" म्हणून सुटणार होतो, पण समोर हवा गेलेली गाडी होती. म्हटलं, "मामा, मी कॉम्प्युटरांच्या स्टेपन्या सांभाळतो."

"त्यांनाही असते?"

"असते. मशीनचे पैसे वेगळे. त्यावर जे सॉफ्टवेअर बसवायचं, त्याचे कधी वेगळे, कधी फुकट, कधी दहा दिवस फुकट..."

"दहा दिवस? म्हणजे अकराव्या दिवशी स्टेपनीचं भाडं?"

मी हसलो. मग लक्षात आलं की मामाने विनोद केला नव्हता. आणि त्याने विचारलं तेच बरोबर होतं. गेली कित्येक वर्षं मी या प्रश्नाभोवती फिरतोय, पण कधी नीट लिहिलं नाही. आज लिहितो. नातेवाईकांनी मधला थोडा भाग सोडला तरी चालेल. आमच्या व्यवसायातल्या मित्रांनी सोडू नये. :-)

आधी थोडक्यात मांडणी. बँक असो, हॉस्पिटल असो, रेल्वेचं तिकीट असो, सगळ्या नोंदी शेवटी एका डेटाबेसमध्ये जातात. तो ज्या मशीनवर चालतो ते बंद पडलं की काउंटरवरचा माणूस "सर्व्हर डाऊन आहे" म्हणतो आणि आपण घरी जातो. हे होऊ नये म्हणून शेजारी दुसरं तसंच मशीन ठेवतात. मुख्य मशीनवर जी नोंद होते ती लगेच दुसऱ्यावरही पोचते. पहिलं पडलं की दुसरं काम उचलतं. दुसऱ्याला आम्ही 'स्टँडबाय' म्हणतो, काम उचलण्याला 'फेलओव्हर', आणि या सगळ्या खटाटोपाला 'हाय अव्हेलेबिलिटी'. सगळं नीट जमलं तर काउंटरवरच्या माणसाला काही कळतसुद्धा नाही. आमच्या कामाची हीच गंमत आहे. चांगलं झालं तर कोणाला दिसत नाही.

आता गोम अशी की हे दुसरं मशीन वर्षातले जवळजवळ सगळे दिवस नुसतं ऐकत बसलेलं असतं. नोंदी घेतं, पण कोणाला उत्तर देत नाही. तरीही त्यावर डेटाबेसचं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं, चालूही असतं. मग त्याचे पैसे द्यायचे की नाही?

इथे प्रत्येक कंपनीचं उत्तर वेगळं आहे.

ओरॅकलचा नियम आमच्या क्षेत्रात 'दहा दिवसांचा नियम' म्हणून प्रसिद्ध आहे. दोन मशीनं एकाच सामायिक डिस्कवर जोडलेली असतील, तर त्यातलं एक राखीव मशीन वर्षभरात एकूण दहा वेगवेगळे दिवस लायसन्सशिवाय वापरता येतं. ऐकायला उदार वाटतं. पण दिवस मोजायची रीत बघा. मंगळवारी दोन तास आणि शुक्रवारी तीन तास राखीव मशीनवर काम गेलं, तर ते पाच तास नव्हेत, दोन दिवस. मुख्य मशीन देखभालीसाठी तुम्ही स्वतःहून थांबवलं, तरी तोही दिवस मोजला जातो. आणि ही सवलत सामायिक डिस्क असेल तरच. दुसरं मशीन स्वतःच्या डिस्कवर वेगळी प्रत ठेवत असेल, मग ते शेजारच्या खोलीत असो की दुसऱ्या शहरात, त्याचं लायसन्स पूर्ण घ्यावं लागतं. म्हणजे जी व्यवस्था आग, पूर, भूकंपातून वाचवते, ती दुप्पट भावाची.

भाव किती? ओरॅकलच्या एंटरप्राइज आवृत्तीचा यादीतला भाव वर्षानुवर्षं प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर राहिलेला आहे. इंटेलच्या मशीनवर दोन कोअर मिळून एक प्रोसेसर धरतात. सोळा कोअरचं मशीन म्हणजे आठ प्रोसेसर, म्हणजे ३,८०,००० डॉलर. वर दर वर्षी २२ टक्के सपोर्ट, म्हणजे ८३,६०० डॉलर. घासाघीस होते, सूट मिळते, यादीच्या भावाने सहसा कोणी घेत नाही. पण स्टँडबाय ठेवला की हाच हिशोब पुन्हा पहिल्यापासून.

मायक्रोसॉफ्टची गोष्ट जरा वळणावळणाची. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्यांत एक झोपलेला स्टँडबाय मुख्य लायसन्सबरोबर तसाच मिळायचा. २०१२ च्या आवृत्तीपासून हिशोब प्रोसेसरऐवजी कोअरवर आला. २०१४ च्या आवृत्तीपासून तो झोपलेला स्टँडबाय हवा असेल तर 'सॉफ्टवेअर अॅश्युरन्स' नावाची वार्षिक वर्गणी चालू असणं सक्तीचं झालं. नोव्हेंबर २०१९ मध्ये पुन्हा हात सैल केला: वर्गणी असेल तर शेजारी एक, लांबच्या गावात एक आणि त्यांच्या स्वतःच्या क्लाउडमध्ये एक, असे तीन झोपलेले स्टँडबाय. त्यांच्यावर बॅकअप घ्यायलाही मुभा दिली. मात्र स्टँडबायवरून एक जरी रिपोर्ट काढलात, तर तो झोपलेला राहिला नाही. सगळ्या कोअरचे पैसे.

आयबीएमच्या डीबी२ चा जुना हिशोब मला सगळ्यांत समजूतदार वाटतो. तिथे भाव 'पीव्हीयू' नावाच्या एककात मोजायचे आणि नुसतं ऐकणाऱ्या स्टँडबायला, मशीन कितीही मोठं असलं तरी, फक्त १०० पीव्हीयू लागायचे. म्हणजे साधारण एक-दीड कोअरचे पैसे. घरातल्या दुसऱ्या गॅस सिलिंडरसारखं. दुसऱ्या टाकीचं डिपॉझिट भरायचं, पण गॅसचे पैसे भरलेली टाकी घेतली की. कोपऱ्यात उभ्या टाकीचं भाडं कोणी मागत नाही.

आणि क्लाउडमध्ये गेलात म्हणून सुटका नाही. अॅमेझॉनच्या आरडीएसमध्ये दोन ठिकाणी ठेवायची साधी व्यवस्था घेतली, तर भाडं जवळजवळ दुप्पट होतं आणि त्या दुसऱ्या मशीनवरून काही वाचताही येत नाही. फरक एवढाच की तिथे ते भाडं बिलात सरळ दिसतं. हे माझ्या मते मोठं पुण्य आहे, त्यावर पुढे येतोच.

आता माझी गोष्ट. यात मी काही फार शहाणा दिसत नाही, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला हक्क नाही.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे होतं. तालुक्याच्या गावची संस्था, वीसेक शाखा, सभासद म्हणजे शेतकरी, शिक्षक, दुकानदार, पेन्शनर. डेटाबेस एका मोठ्या कंपनीचा. नाव घेत नाही, कारण दोष त्या एका कंपनीचा नाही. दोन मशीनं होती, एक कामाचं, एक स्टँडबाय. संस्थेने नियमाप्रमाणे एकाचंच लायसन्स घेतलं होतं, दुसरं झोपलेलं म्हणून.

मार्च महिना आला. वर्षअखेरीचे रिपोर्ट काढायला बसले की मुख्य मशीन दमायचं, काउंटरवर रांगा लागायच्या. वसुलीचे साहेब रोज फोन करायचे. शेजारी दुसरं मशीन तर रिकामंच होतं! तीच माहिती, ताजी ताजी. मी एका संध्याकाळी रिपोर्टचा पत्ता बदलून स्टँडबायकडे वळवला. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी रांगा गायब. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. सॉफ्टवेअरने काही हटकलं नाही, काही विचारलं नाही. एप्रिलमध्ये पत्ता परत बदलायचा, असं मी ठरवलं होतं. पण चालू आहे ते चालू राहिलं. कोण कशाला हात लावतंय.

दोन वर्षांनी पत्र आलं. भाषा फार सभ्य. लायसन्सच्या वापराचा आढावा घ्यायचा आहे, कृपया सहकार्य करावं. सहकार्य केलं. एक छोटा प्रोग्रॅम चालवायला दिला होता, तो चालवला. मला हटकायचं ज्या सॉफ्टवेअरला सुचलं नव्हतं, त्याने नोंद मात्र इमानेइतबारे ठेवली होती. स्टँडबायवरून वाचन झालं, अमुक तारखेपासून. म्हणजे तो स्टँडबाय नव्हताच, कामाचा सर्व्हर होता. त्याच्या सगळ्या कोअरचं लायसन्स, वर मागच्या काळाचा सपोर्ट.

आकडा सांगत नाही. वार्षिक सभेत कोणीतरी उभं राहून विचारेल, एवढा होता.

संचालक मंडळाच्या बैठकीला मला बोलावलं. झालं ते मी केलं, नियम मला माहीत नव्हता, हे मी सांगितलं. खरं सांगायचं तर नियम मी वाचला होता, पण कळला नव्हता. 'निष्क्रिय' या शब्दाचा अर्थ मी 'ज्यावर लिहिलं जात नाही तो' असा घेतला होता. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. एक ज्येष्ठ संचालक होते, आयुष्यभर अडत दुकान चालवलेलं. ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "अहो, मग तो दुसरा सर्व्हर काढूनच टाका ना. त्याच्यापायीच एवढं झालं. आजवर कधी उपयोगी पडलाय तो?"

याला उत्तर देणं फार कठीण असतं. खरंच, आजवर कधी उपयोगी पडला नव्हता. मी स्टेपनीचं उदाहरण दिलं, विम्याचं दिलं. पण तिथे मी आरोपीच्या जागी उभा होतो, आणि आरोपीने वकिली केली तर कोण ऐकणार? तडजोड होऊन पैसे भरले गेले, रिपोर्ट परत मुख्य मशीनवर आले. आणि पुन्हा कधी असं पत्र यायला नको म्हणून स्टँडबायवरचा डेटाबेस पुसून टाकला. रोज रात्री बॅकअप आणि दिवसा दर तासाला बदलांची प्रत, एवढंच ठेवलं.

लक्षात घ्या, निष्क्रिय स्टँडबाय ठेवायला तेव्हाही वेगळे पैसे पडत नव्हते. पण ते आता कोणाला पटवणार? एकदा दूध पोळल्यावर ताक कोण पितंय.

आठ-नऊ महिन्यांनी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे पेन्शनच्या गर्दीच्या दिवसांत, मुख्य मशीनच्या डिस्क गेल्या. सकाळी अकराच्या सुमारास. स्टँडबाय असता तर दहा मिनिटांत उभे राहिलो असतो. बॅकअपवरून उभं करायला दुसऱ्या दिवशीची पहाट झाली. आणि शेवटच्या प्रतीनंतरची चाळीसेक मिनिटं गेलीच. वीस शाखांमधून त्या चाळीस मिनिटांच्या स्लिपा गोळा करून मुलींनी दोन दिवस बसून पुन्हा नोंदी केल्या. पैसे कोणाचे बुडाले नाहीत. पण त्या दिवशी दुपारी मुख्य शाखेत एक आजोबा बाकावर बसून होते. औषधाला पैसे काढायचे होते. "सर्व्हर डाऊन" म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, संस्था बुडाली. पतसंस्था बुडाल्याच्या बातम्या आपल्याकडे काय कमी आल्यात? शिपाई त्यांना परत परत सांगत होता, "आजोबा, उद्या या, पैसे आहेत तुमचे." ते उठले नाहीत. शेवटी एका संचालकांनी स्वतःच्या खिशातून दिले आणि रिक्षाने घरी पाठवलं.

मी काचेपलीकडे मशीनसमोर बसून हे बघत होतो.

या प्रसंगाचा दोष कोणाचा, यावर मी पुष्कळ विचार केलाय. पहिला माझा, त्यात वाद नाही. कागदावर सही आपली, कागद वाचायची जबाबदारी आपली. दुसरं, विकणाऱ्याची बाजूही मला समजते. स्टँडबाय बिनशर्त फुकट ठेवला, तर जो तो निम्मं काम तिकडे ढकलणार आणि एका लायसन्सवर दोन मशीनं चालवणार. हे मी कल्पनेने सांगत नाही. मी स्वतः तेच केलं! नकळत केलं, पण केलं. ज्यांनी सॉफ्टवेअर लिहायला आयुष्यं घातली, त्यांनी कामाचे पैसे मागितले तर त्यात अन्याय काय?

पण 'कामाचे पैसे' आणि 'भीतीचे पैसे' यात फरक करायला हवा, असं माझं ठाम मत झालंय.

रिपोर्ट काढला, ते काम. त्याचे पैसे जरूर घ्या. नुसतं ऐकत बसणं हे काम नाही, ती खबरदारी आहे. खबरदारीवर भाडं लावलं की खबरदारी हीच पहिली काटछाट होते. मोठी बँक दुप्पट पैसे भरेल, तिला दंड परवडत नाही. छोटी संस्था स्टँडबायच काढून टाकेल. म्हणजे या नियमांचा खरा बोजा विकत घेणाऱ्यावर पडतच नाही. तो बाकावर बसलेल्या आजोबांवर पडतो, ज्यांनी लायसन्स हा शब्द गाडीच्या संदर्भातच ऐकलेला असतो.

म्हणून माझ्या मते एक राखीव मशीन, नुसतं ऐकणारं, प्रत्येक लायसन्सबरोबर बिनवर्गणीचं मिळालं पाहिजे. फार तर डीबी२ सारखं सिलिंडरच्या डिपॉझिटएवढं घ्या. आणि ते मशीन शेजारच्या खोलीत आहे की दुसऱ्या शहरात, यावरून भाव बदलू नये. लांब ठेवणं ही चैन नाही. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पाणी आलं तेव्हा शेजारची खोलीही त्याच पाण्यात होती.

दुसरं, नियम असा लिहा की रात्री दोन वाजता फोनने उठलेल्या माणसालाही कळेल. त्या घटकेला मनात एकच विचार असावा, काम सुरू कसं होईल. "हा या वर्षीचा कितवा दिवस?" हा विचार तिथे येताच कामा नये. फेलओव्हर करू की नको, याचा निर्णय जिथे लायसन्सची वही बघून होतो, तिथे हाय अव्हेलेबिलिटी हे नुसतं नाव उरतं.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची. जे सॉफ्टवेअर मोजू शकतं, ते हटकूही शकतं. मी रिपोर्टचा पत्ता बदलला त्या संध्याकाळी पडद्यावर एक ओळ आली असती, "हे केल्यास या मशीनचं पूर्ण लायसन्स लागेल, पुढे जायचं का?", तर मी तिथेच थांबलो असतो. साहेबांना विचारलं असतं, त्यांनी भाव काढला असता, कदाचित विकतही घेतलं असतं. दार सताड उघडं ठेवायचं, आत येणाऱ्याची मुकाट्याने नोंद करायची आणि दोन वर्षांनी तिकीट दाखवा म्हणायचं, याला मी धंदा म्हणणार नाही. वर क्लाउडच्या बिलाचं कौतुक केलं ते यासाठीच. महाग असेल, पण महिन्याच्या महिन्याला कळतं.

इथपर्यंत वाचून काही मित्र म्हणतील, एवढं रामायण कशाला, पोस्टग्रेस वापर ना! बरोबर आहे. पोस्टग्रेसच्या ९.० आवृत्तीत, म्हणजे २०१० साली, नोंदी सतत पाठवत राहायची सोय आणि वाचता येणारा स्टँडबाय दोन्ही आले. एक ठेवा, दहा ठेवा, त्यावर रिपोर्ट काढा, कोणी पत्र पाठवत नाही. मी स्वतः जिथे निवड करता येते तिथे आता तेच सुचवतो. सरकारनेही २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं होतं.

पण दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, छोट्या संस्थेच्या हातात निवड फारशी नसते. बँकिंगचं सॉफ्टवेअर विकणारा सांगतो, आमचं याच डेटाबेसवर चालतं. विषय संपला. दुसरी, लायसन्स फुकट म्हणजे स्टेपनीत आपोआप हवा, असं नाही. पोस्टग्रेसमध्ये आपसूक फेलओव्हर करणारं साधन अंगभूत नाही, ते वेगळं बसवावं लागतं आणि ते समजणारा माणूस लागतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबमध्ये काय झालं ते आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. स्टँडबायकडे नोंदी जाणं थांबलं होतं. ते दुरुस्त करताना एका थकलेल्या इंजिनीयरने स्टँडबाय समजून मुख्य मशीनवरचाच डेटा पुसला. तीनशे जीबीतलं साडेचार जीबी उरलं. मग कळलं की बॅकअपच्या एकूण एक व्यवस्था कुठे ना कुठे बिघडलेल्या होत्या. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाताला लागली म्हणून वाचले. लायसन्सचा एक पैसा द्यायचा नव्हता, तरी स्टेपनी बसलेली होती. (त्यांनी हे सगळं लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना जगाला दाखवलं, याबद्दल मात्र त्यांना मानलं.)

म्हणून मुक्त सॉफ्टवेअरने प्रश्न सुटतो असं मी म्हणत नाही. त्याने प्रश्न बदलतो. "किती पैसे?" च्या जागी "कोण बघणार?" येतो. हा दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो, कारण त्याचं उत्तर आपल्या हातात असतं. लायसन्सवर वाचलेल्या पैशातला थोडा भाग माणसावर आणि सरावावर घातला, तर गणित जमतं. सगळाच 'बचत' म्हणून दाखवला, तर खंबाटकीत बसायची तयारी ठेवावी.

त्या पतसंस्थेचं पुढे काय झालं? त्या दिवसानंतर बैठकीत कोणाला काही पटवावं लागलं नाही. त्याच अडत दुकानवाल्या काकांनी विषय मांडला. स्टँडबाय परत आला, झोपलेलाच. त्यावर मी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: "यावरून काहीही वाचू नये." दर तीन महिन्यांनी एका रविवारी आम्ही मुद्दाम काम तिकडे नेऊन परत आणायचो. त्याआधी नियम वाचायचा, शंका असेल तर कंपनीला लेखी विचारायचं, उत्तर फायलीला लावायचं. त्या फायलीची जाडी बघून मला दर वेळी वाईट वाटायचं. एवढी अक्कल सावधपणे झोपण्यासाठी खर्च होत होती.

असो.

टेम्पोवाला परत आला. चाकात हवा भरलेली होती. पैसे किती, विचारलं तर म्हणाला, "पंक्चरवाल्याने हवेचे काही घेतले नाहीत. म्हणाला, पंक्चर असतं तर घेतले असते." मामा माझ्याकडे बघून मिशीत हसला.

साताऱ्यात शिरताना त्याने विचारलं, "त्या तुझ्या आजोबांचं काय झालं रे पुढे?"

दुसऱ्या दिवशी आले होते. सगळे पैसे काढून घेतले, मोजले, आणि दुपारी परत येऊन भरले. खात्री करून घ्यायची होती, एवढंच.

स्टेपनीची हवा आजच बघा. गाडीच्याही.